‘फाइल सापडत नाही’ या तक्रारीची तपासणी

धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याने, तेरच्या लामतुरे संग्रहालयाविषयीची जुनी छापील पुस्तिका छायाचित्रांवरून वाचून तिचा मजकूर युनिकोडमध्ये उतरवून देणारा प्रोग्रॅम सी प्लस प्लस भाषेत लिहिला, प्रयोगशाळेतील उबुंटू २२.०४ च्या यंत्रावर तो निर्वेधपणे चालवून दाखवला, आणि तोंडी परीक्षेच्या दिवशी तीच फाइल उबुंटू २४.०४ च्या दुसऱ्या यंत्रावर नेली असता प्रोग्रॅमने एक अक्षरही न वाचता, ‘लिबटेसरॅक्ट डॉट एसओ डॉट ४ ही सामायिक फाइल उघडता येत नाही’ अशा आशयाची इंग्रजी ओळ लिहून आपला कारभार आटोपता घेतला, असे समजू. प्रसंग कल्पित आहे, परंतु त्यातील आकडे खरे आहेत. उबुंटू २२.०४ च्या भांडारात टेसरॅक्ट या अक्षरे ओळखणाऱ्या लायब्ररीची ४.१.१ ही आवृत्ती मिळते आणि २४.०४ च्या भांडारात ५.३.४; पहिल्या लायब्ररीच्या नावाअखेर चार हा अंक असतो, दुसरीच्या नावाअखेर पाच. प्रोग्रॅम चाराची मागणी करीत राहतो, यंत्रापाशी पाच असते, आणि या दोहोंमध्ये विद्यार्थी, त्याचे मार्गदर्शक व बाहेरून आलेले परीक्षक असे सारेच खोळंबतात.

अशा वेळी जे उपाय सुचतात ते बहुधा घाईचे असतात. कोणी सापडेल ती फाइल सापडेल त्या फोल्डरमध्ये नक्कल करतो, कोणी पाचाच्या फाइलला चाराचे नाव देतो, कोणी सारी यंत्रणाच नव्याने बसवू लागतो. माझे मत असे की लायब्ररीच्या तक्रारींत उपाय क्वचितच अवघड असतो. अवघड असते ते निदान, आणि निदानासाठी लागणारा तपशील तक्रारीच्या ओळीत बहुतेक वेळा आधीच नमूद असतो, फक्त ती ओळ शेवटपर्यंत वाचण्याचा धीर आपल्यापाशी नसतो. कोणी मागणी केली, कोणत्या नावाने केली, कोठे शोध घेतला गेला आणि तेथे काय आढळले, या चार बाबींचा उलगडा झाल्यावाचून कोणत्याही फाइलला हात लावू नये. (या लेखात आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, यंत्रावर ती रोमन अक्षरांत लिहावयाची हे वाचकांस सांगणे न लगे.)

उदाहरणासाठी टेसरॅक्ट घेतले त्याला कारण आहे. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या प्रयोगशाळांत १९८५ ते १९९४ या काळात घडलेली, २००५ साली सर्वांसाठी खुली झालेली आणि पुढे गूगलच्या आश्रयाने वाढलेली ही लायब्ररी मराठी अक्षरे ओळखते, विनामूल्य मिळते, आणि लिनक्स, विंडोज व मॅक या तिन्ही प्रणालींवर चालते. शिवाय ती एकटी येत नाही. चित्रे हाताळण्यासाठी तिला लेप्टोनिका नावाची दुसरी लायब्ररी लागते, लेप्टोनिकाला पीएनजी, जेपेग, टिफ अशा निरनिराळ्या चित्रप्रकारांच्या आणखी काही लागतात, आणि म्हणून या विषयात उद्भवू शकणारे जवळजवळ सर्व प्रकारचे बिघाड या एकाच प्रकल्पात पाहावयास मिळतात.

प्रथम बिघाड कोणत्या टप्प्यावर झाला हे मुक्रर करावे. कंपायलरने हेडर फाइल सापडत नसल्याचे सांगितले, तर लायब्ररी यंत्रावर आहे की नाही हा प्रश्न अजून उपस्थितच झालेला नाही. उबुंटू-डेबियनमध्ये लायब्ररी चालवण्याचे पॅकेज वेगळे आणि तिच्यावर प्रोग्रॅम बांधण्याचे, नावाअखेर ‘डेव्ह’ लागणारे, पॅकेज वेगळे असते, आणि हे दुसरे पॅकेज बसवलेले नाही एवढाच त्या तक्रारीचा अर्थ. हेडर सापडली पण ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असे शब्द आले, तर ती लिंकरची कैफियत होय: फंक्शनचे नाव त्याला ठाऊक आहे, त्याची व्याख्या मात्र कोठे आढळली नाही. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओचा लिंकर हीच गोष्ट ‘अनरिझॉल्व्ड एक्स्टर्नल सिम्बॉल’ अशा शब्दांत आणि एलएनके २०१९ या क्रमांकाने सांगतो. आणि प्रोग्रॅम बांधून पूर्ण झाला, पण चालवताना अडला, तर अपराध लिंकरचा नसून लोडरच्या इलाख्यातला आहे. हे तीन अधिकारी भिन्न आहेत, त्यांच्या शोधाच्या जागा भिन्न आहेत, आणि एकाच्या दरबारातील तक्रार दुसऱ्याकडे नेल्याने कालापव्ययापलीकडे काही साधत नाही. कितीतरी विद्यार्थी लोडरची तक्रार आली असता लिंकरच्या सूचना बदलत बसतात!

आता आपल्या मूळ प्रसंगाकडे वळू. लिनक्सवर लायब्ररीची तीन नावे असतात. पूर्ण आवृत्तीचे नाव, उदाहरणार्थ लिबटेसरॅक्ट डॉट एसओ डॉट ४.०.१, हे खऱ्या फाइलचे. केवळ पहिला अंक असलेले ‘डॉट एसओ डॉट ४’ हे तिचे अधिकृत नाव, ज्याला सो-नेम म्हणतात व जे प्रोग्रॅमच्या पोटात बांधणीच्या वेळी कोरले जाते. आणि अंकविरहित ‘डॉट एसओ’ हे नाव केवळ बांधणीच्या वेळी लिंकरच्या सोयीसाठी असते. पहिले खरे, उरलेली दोन म्हणजे त्याच्याकडे बोट दाखवणारे दुवे. अधिकृत नावातील अंक हा करार आहे: तो बदलला म्हणजे लायब्ररीकर्त्यांनी जाहीर केले की जुन्या प्रोग्रॅमांना दिलेली वचने यापुढे पाळली जाणार नाहीत.

पाचाच्या फाइलला चाराचे नाव देण्याच्या युक्तीबद्दल आपल्याच जिल्ह्याचा इतिहास चांगला उपयोगी पडतो. २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले तेव्हा नाव बदलले, परंतु परंडा, भूम, वाशी, कळंब, लोहारा, उमरगा, तुळजापूर आणि जिल्ह्याच्या ठिकाणचा तालुका मिळून आठही तालुके जागच्या जागी राहिले. जुन्या नावाने आलेले पत्र नव्या नावाच्या दफ्तरात पोहोचते केले तर कोणाचेच काम अडत नाही. १९८२ साली लातूर वेगळा झाला तेव्हा मात्र याच्या उलट घडले: नाव उस्मानाबाद हेच राहिले, पण आतील मुलूख बदलला, आणि लातूरच्या जमिनीचा दाखला मागणारा अर्ज जुन्याच पत्त्यावर आला असता पत्ता बरोबर असूनही दाखला मिळण्याची सोय तेथे उरली नाही. लायब्ररीत केवळ नाव बदललेले असेल तर दुवा करून देणे क्षम्य आहे. मुलूख बदललेला असेल तर तो दुवा फसवणूक ठरतो. टेसरॅक्टच्या पाचव्या आवृत्तीत चौथीतील स्ट्रिंग, जेनेरिक-व्हेक्टर हे स्वतःचे डेटाप्रकार सार्वजनिक फंक्शनांतून काढून त्यांच्या जागी भाषेच्या प्रमाण लायब्ररीतील प्रकार आणले गेले. तेव्हा येथे मुलूखच बदलला आहे. दुवा करून दिल्यास एक तर ‘सिम्बॉल लुकअप एरर’ येईल, किंवा, जे अधिक वाईट, प्रोग्रॅम सुरू होईल आणि मध्येच ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढेच बोलून कोसळेल. योग्य उपाय साधा आहे: नव्या यंत्रावर टेसरॅक्ट व लेप्टोनिका यांची डेव्ह पॅकेजे बसवून मूळ सोर्सवरून प्रोग्रॅम पुन्हा बांधावा.

हे सारे प्रोग्रॅमकडूनच वदवून घेता येते. ‘रीडएल्फ’ या आज्ञेला ‘वजा डी’ ची जोड देऊन प्रोग्रॅमच्या फाइलवर चालवले म्हणजे ‘नीडेड’ या शब्दापुढे त्याच्या मागण्यांची यादी येते. ‘एलडीडी’ ही आज्ञा त्या प्रत्येक मागणीपुढे यंत्रावर काय सापडले ते लिहिते, आणि जेथे काही सापडले नाही तेथे तसे स्पष्ट सांगते. एक सावधगिरी मात्र अवश्य घ्यावी: अनोळखी व्यक्तीकडून आलेल्या फाइलवर एलडीडी चालवू नये, कारण काही परिस्थितीत त्या फाइलमधील सूचनाच अंमलात येऊ शकतात; रीडएल्फ फाइल केवळ वाचते, चालवीत नाही. आणि शोध कोठे कोठे झाला याची सविस्तर रुजवात हवी असेल तर ‘एलडी-डीबग’ या पर्यावरण-चलाला ‘लिब्ज’ ही किंमत देऊन प्रोग्रॅम चालवावा. लोडर आपली सगळी पायपीट ओळीओळीने पडद्यावर मांडतो. हे साधन फार उपयोगी, आणि तितकेच दुर्लक्षित.

लोडरच्या शोधाचा क्रम ठरलेला आहे. प्रोग्रॅमच्या पोटात ‘रनपाथ’ ही नोंद असेल तर प्रथम ‘एलडी-लायब्ररी-पाथ’ या चलातील जागा, मग रनपाथमधील जागा, मग ‘एलडीकॉन्फिग’ या आज्ञेने तयार केलेली सूची आणि शेवटी प्रणालीच्या नेहमीच्या जागा पाहिल्या जातात. सोर्सवरून बांधलेली लायब्ररी ‘यूएसआर-लोकल’ च्या खाली जाऊन बसते, सूची मात्र जुनीच राहते, आणि फाइल डोळ्यांना दिसत असूनही लोडरला ती दिसत नाही. अशा वेळी प्रशासकाच्या अधिकाराने एलडीकॉन्फिग एकदा चालवणे एवढाच इलाज असतो. एलडी-लायब्ररी-पाथ हे चल चाचणीपुरते ठीक आहे, पण ते लॉगिनच्या फाइलमध्ये कायमचे लिहून ठेवण्याची पद्धत मला अगदी नापसंत आहे, कारण त्याचा अंमल आपल्या एका प्रोग्रॅमपुरता न राहता त्या खात्यातून चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमवर बसतो. लायब्ररी प्रोग्रॅमसोबतच द्यावयाची असेल तर रनपाथमध्ये डॉलर चिन्हापुढे ‘ओरिजिन’ हा शब्द घालावा. प्रोग्रॅम ज्या फोल्डरमध्ये असेल तेथूनच मग शोध सुरू होतो.

पेन ड्राइव्हचा उल्लेख येथे केलाच पाहिजे, कारण तालुक्याच्या गावी जेथे इंटरनेटचा भरवसा नसतो तेथे लायब्रऱ्यांचा प्रवास याच वाटेने होतो. बाजारात मिळणारे पेन ड्राइव्ह फॅट किंवा एक्सफॅट पद्धतीने बांधलेले असतात आणि या पद्धतींत लिनक्सचे दुवे साठवण्याची तरतूदच नाही. त्यामुळे वर सांगितलेल्या तीन नावांपैकी दोन वाटेतच गळतात, किंवा एकाच फाइलच्या तीन स्वतंत्र प्रती होऊन बसतात. फाइल चालवण्याची परवानगी दर्शवणारी खूणही जाते. म्हणून संपूर्ण फोल्डर ‘टार’ आज्ञेने एका गाठोड्यात बांधून न्यावा व पलीकडच्या यंत्रावर, त्याच्या स्वतःच्या डिस्कवर, उलगडावा.

नव्या यंत्रावर बांधलेला प्रोग्रॅम जुन्या यंत्रावर नेला असता वेगळीच अडचण येते. तेव्हा ‘जीलिबसी २.३४ नॉट फाउंड’ अशी ओळ दिसते, आणि ती वाचून पुष्कळजण ही नवी जीलिबसी कोठून तरी उतरवून घेण्याच्या खटपटीला लागतात. तसे करू नये. जीलिबसी हा लिनक्सवरील सगळ्या प्रोग्रॅमांचा पाया आहे. ती हाताने बदलल्यास ‘एलएस’ सारखी साधी आज्ञाही बंद पडून यंत्र निरुपयोगी होण्याचा संभव असतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या २.३४ या आवृत्तीत पूर्वी वेगळ्या असलेल्या थ्रेड इत्यादींच्या लायब्रऱ्या मुख्य फाइलमध्ये विलीन केल्या गेल्या आणि प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या मूळ फंक्शनालाच नवा आवृत्तीक्रमांक मिळाला. म्हणून तिच्यावर किंवा तिच्यानंतरच्या आवृत्तीवर बांधलेला जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम हीच मागणी करतो. उबुंटू २०.०४ मध्ये जीलिबसी २.३१ आहे, २२.०४ मध्ये २.३५. ज्या यंत्रांवर प्रोग्रॅम चालावयाचा आहे त्यांपैकी सर्वांत जुन्या प्रणालीवर तो बांधावा, हा यावरील नियम; जुन्यावर बांधलेले नव्यावर, या लायब्ररीपुरते तरी, सुखाने चालते.

लिंकरच्या तक्रारींत सर्वांत सामान्य आणि सर्वांत कमी संशयित कारण म्हणजे क्रम. आज्ञेत लायब्रऱ्यांची नावे आपल्या सोर्स किंवा ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी लिहिली, तर उबुंटूचा लिंकर त्या लायब्रऱ्या अजून कोणाला लागत नाहीत असे पाहून त्या सोडून देतो, आणि पुढे मागणी आली असता हात वर करतो. नावे नेहमी शेवटी लिहावीत, आणि ती हाताने लिहिण्यापेक्षा ‘पीकेजी-कॉन्फिग’ कडून मागवून घ्यावीत. स्वतःची सामायिक लायब्ररी बांधताना ‘रीकंपाइल विथ एफपिक’ अशी सूचना आली तर ती शब्दशः पाळावी. तक्रारीनेच उपाय सांगितल्याची अशी उदाहरणे विरळाच.

दुसरे कारण नावांच्या वळणाचे. सी प्लस प्लसचा कंपायलर फंक्शनाच्या नावात त्याच्या पॅरामीटरांचे प्रकार गुंफून एक लांबलचक नाव तयार करतो, सीचा कंपायलर तसे करत नाही. म्हणून सीमध्ये लिहिलेली लायब्ररी सी प्लस प्लसमधून वापरताना हेडरमध्ये ‘एक्स्टर्न सी’ ही घोषणा नसेल, तर दोघेही एकाच फंक्शनाबद्दल बोलत असून एकमेकांना ओळखत नाहीत. लायब्ररीत खरोखर कोणती नावे आहेत हे ‘एनएम’ आज्ञेने पाहावे आणि गुंफलेली नावे ‘सी-प्लस-प्लस-फिल्ट’ मधून उलगडून वाचावीत. अपेक्षित नाव आणि सापडलेले नाव शेजारी शेजारी ठेवले की फरक प्रायः लगेच दिसतो.

विंडोजची रीत अनेक बाबतींत भिन्न आहे. लिनक्सवर लायब्ररीतील फंक्शने आपोआप बाहेरच्यांना उपलब्ध होतात. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने बांधलेल्या डीएलएलमध्ये जे ‘डीएलएल-एक्स्पोर्ट’ म्हणून जाहीर केले नाही ते आतच राहते, आणि लिनक्सवर उत्तम चाललेली लायब्ररी येथे रिकाम्या पेटीसारखी निघते. बांधणीच्या वेळी लिंकरला डीएलएल नव्हे तर तिच्यासोबतची ‘लिब’ फाइल लागते, चालवण्याच्या वेळी मात्र डीएलएलच लागते. दोहोंपैकी एकच देऊन मोकळे होणारे पुष्कळ. लोडर प्रथम प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये पाहतो, मग प्रणालीच्या फोल्डरांत आणि सर्वांत शेवटी ‘पाथ’ या चलातील जागांत. म्हणून लागणाऱ्या सर्व डीएलएल प्रोग्रॅमशेजारी ठेवाव्यात, ‘सिस्टिम ३२’ मध्ये त्या टाकण्याचा मोह आवरावा. पायथनमधून लायब्ररी वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: पायथन ३.८ पासून, म्हणजे २०१९ पासून, विस्तार-मॉड्यूलांच्या डीएलएल शोधताना ‘पाथ’ चल विचारात घेतले जात नाही. ‘ॲड-डीएलएल-डिरेक्टरी’ या फंक्शनाने फोल्डर स्वतः सांगावा लागतो.

सी, पाच शून्ये, सात आणि बी असा क्रमांक असलेली विंडोजची चौकट अनेकांना गूढ वाटते. ती बहुधा ३२ बिट आणि ६४ बिट यांच्या मिश्रणातून येते: प्रोग्रॅम एका प्रकारचा, सापडलेली डीएलएल दुसऱ्या प्रकारची. ‘डम्पबिन’ या साधनाला ‘हेडर्स’ विचारले की फाइलचा प्रकार कळतो, आणि ‘डिपेंडंट्स’ विचारले की मागण्यांची यादी मिळते. हेही लक्षात असावे की ‘अमुक डीएलएल सापडत नाही’ अशी तक्रार आली असता ती डीएलएल जागेवर असूनही तिला लागणारी दुसरी गैरहजर असू शकते, आणि पायथनसारख्या ठिकाणी नाव पहिलीचेच घेतले जाते. टेसरॅक्टच्या शेजारी लेप्टोनिका नसली की नेमके हेच घडते.

मिनजीडब्ल्यू आणि व्हिज्युअल स्टुडिओ या दोन कंपायलरांनी बांधलेल्या सी प्लस प्लस लायब्रऱ्या एकत्र करण्याचा प्रयत्न करू नये. त्यांची गुंफलेली नावेच जुळत नाहीत. सीमा ओलांडणे अपरिहार्य असेल तर ती सीच्या फंक्शनांवरून ओलांडावी. टेसरॅक्टमध्ये अशा फंक्शनांचा वेगळा संच आहे, आणि त्यात ओळखलेला मजकूर मोकळा करण्यासाठी ‘टेस-डिलीट-टेक्स्ट’ नावाचे फंक्शन मुद्दाम दिले आहे. विद्यार्थी त्याऐवजी नेहमीचे ‘फ्री’ वापरतात; परंतु विंडोजवर दोन डीएलएलची मेमरीची खाती वेगवेगळी असू शकतात, आणि एकाने दिलेली मेमरी दुसऱ्याच्या खात्यात परत केली तर प्रोग्रॅम काम पूर्ण झाल्यावर, अगदी शेवटी, कोसळतो.

मराठी माणसाला विशेष जाचणारी एक बाब अशी की विंडोजमध्ये संपूर्ण प्रणालीसाठी निवडता येईल असे जुन्या पद्धतीचे, युनिकोडपूर्व कोड-पेज देवनागरीसाठी नाही. यंत्रावरील वापरकर्त्याचे नाव मराठीत असले, किंवा फोल्डरला ‘प्रकल्प’ असे नाव दिलेले असले, तर जुन्या पद्धतीने पाथ वाचणाऱ्या प्रोग्रॅमला त्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात व फाइल असूनही सापडत नाही. मातृभाषेचा अभिमान अवश्य बाळगावा, पण बांधणीचा फोल्डर तूर्त रोमन अक्षरांतच असू द्यावा. त्यातही रिकाम्या जागा नकोत.

मॅक आपल्या जिल्ह्यातील प्रयोगशाळांत फारसा दिसत नाही, तेव्हा त्याचा निर्देश थोडक्यात करतो. तेथे प्रत्येक डायलिब, म्हणजे तिकडची सामायिक लायब्ररी, आपला पत्ता स्वतःच्या पोटात बाळगते आणि बांधणीच्या वेळी प्रोग्रॅम तो पत्ता उतरवून घेतो. ‘ओटूल’ ला ‘वजा एल’ जोडून तो पाहता येतो व ‘इन्स्टॉल-नेम-टूल’ ने बदलता येतो. बदलल्यावर, ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरवर, फाइलची सही मोडते आणि ती ‘कोडसाइन’ ने पुन्हा करावी लागते. अशा प्रोसेसरच्या मॅकवर होमब्रू ही पॅकेजे बसवणारी यंत्रणा ‘ऑप्ट-होमब्रू’ खाली बसते, आधीच्या इंटेल मॅकवर ‘यूएसआर-लोकल’ खाली. जुन्या मॅकवरून फोल्डर जसाच्या तसा आणला तर प्रोसेसर जुळत नसल्याची तक्रार येते, आणि ती स्वच्छ शब्दांत येते.

ज्यांना या विषयाचा पाया पक्का करावयाचा आहे त्यांनी मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील लिनक्स आणि सी यांवरील मराठी पाठ ऐकावेत. आणि जाणत्याकडे मदत मागावयाची झाल्यास पडद्याचा अर्धवट फोटो न पाठवता बांधणीची पूर्ण आज्ञा, तक्रारींपैकी सर्वांत पहिली, प्रणालीची व लायब्ररीची आवृत्ती आणि मागण्यांची यादी हा सारा मजकूर अक्षररूपाने पाठवावा. पहिली तक्रार म्हणण्याचे कारण असे की पुढच्या पन्नास बहुधा तिच्याच संततीतील असतात.

आता एवढे करून प्रोग्रॅम सुरू झाला आणि त्याने ‘एमएआर डॉट ट्रेन्डडेटा’ ही फाइल उघडता आली नाही असे सांगितले, तर पुन्हा लायब्रऱ्या तपासू नयेत. ही मराठीच्या प्रशिक्षित डेटाची फाइल आहे, तिचा लिंकरशी वा लोडरशी काही संबंध नाही. प्रोग्रॅम लायब्ररीपर्यंत पोहोचला असून ही तक्रार स्वतः टेसरॅक्टच करीत आहे. उबुंटूवर ‘टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर’ हे पॅकेज बसवावे. अन्यत्र ती फाइल ज्या फोल्डरमध्ये असेल त्याचा पत्ता ‘टेसडेटा-प्रीफिक्स’ या चलात द्यावा, आणि पुस्तिकेचे पहिले पान वाचावयास घ्यावे.